जिवाणूंना दोष देण्याआधी

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या टाकीत जिवाणू सेंद्रिय घाण खातात आणि अमोनियाचे नायट्रेट करतात. ही घडामोड गणितात मांडणारे एएसएम-1 हे मॉडेल मोगेन्स हेन्झे आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केले. असे मॉडेल प्रत्यक्ष केंद्राशी जुळवून घेणे म्हणजे कॅलिब्रेशन. त्याबद्दल काही समज घट्ट रुजले आहेत.

गैरसमज: मॉडेलचा आलेख केंद्राच्या नोंदींशी जुळला, म्हणजे मॉडेल बरोबर.
वस्तुस्थिती: वाढीचा कमाल वेग आणि अर्धसंपृक्तता स्थिरांक (वाढीचा वेग निम्मा होतो ती अन्नाची पातळी) दोन्ही एकदम वाढवले, तरी आलेख जवळपास तसाच राहू शकतो. चुकीची जोडीही जुळते. म्हणून कॅलिब्रेशनला न वापरलेल्या नोंदींवर मॉडेल पडताळावेच लागते.

गैरसमज: जुळत नसेल, तर जिवाणूंचे स्थिरांक बदलावेत.
वस्तुस्थिती: आधी मोजमाप तपासावे. समजा, केंद्रात रोज 50 किलो फॉस्फरस येतो. शुद्ध पाण्यातून 20 आणि काढलेल्या गाळातून 20 किलो जातो. उरलेला 10 किलो कुठे गेला? फॉस्फरस वायू होऊन उडत नाही, म्हणजे मोजमापातच चूक आहे. गाळाचा प्रवाह कमी मोजला जात असेल, तर गाळाचे खरे वय (गाळ केंद्रात राहतो तो सरासरी काळ) कागदावरच्यापेक्षा कमी असते. नायट्रीकरण करणारे जिवाणू सावकाश वाढतात. गाळाचे वय घटले की ते टिकत नाहीत आणि पाण्यात अमोनिया उरतो. इथे मॉडेलमध्ये त्यांच्या वाढीचा वेग कमी केला, तर आलेख जुळेल, पण चूक आत तशीच राहील.

गैरसमज: बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) मोजला की पुरे.
वस्तुस्थिती: एएसएम-1 सीओडीवर (घाणीच्या रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणाऱ्या प्राणवायूवर) चालते, कारण त्याचा जमाखर्च मांडता येतो. बीओडीत न कुजणारा भाग दिसतच नाही. शिवाय भारतात बीओडी 27 अंशांवर 3 दिवसांचा मोजतात, तर अनेक देशांत 20 अंशांवर 5 दिवसांचा. येणाऱ्या सीओडीतला किती भाग सहज कुजतो, किती सावकाश आणि किती मुळीच नाही, ही विभागणी कळणे फार महत्त्वाचे.

गैरसमज: एकदा केलेले कॅलिब्रेशन कायम चालते.
वस्तुस्थिती: नायट्रीकरण करणाऱ्या जिवाणूंच्या वाढीचा कमाल वेग एएसएम-1मध्ये 20 अंशांना दिवसाला 0.8, तर 10 अंशांना 0.3 धरला आहे. पाण्याचे तापमान किंवा सांडपाण्याचे स्वरूप बदलले की पुन्हा पडताळणी हवी.

टाकी केवढी बांधायची, हवा सोडणारे ब्लोअर किती चालवायचे, हे अशा मॉडेलवरून ठरते. त्यात लोकांचा पैसा आणि नदीचे आरोग्य गुंतलेले असते. म्हणून आधी केंद्राच्या नोंदींचा ताळा जमवावा. स्थिरांकांना हात त्यानंतर लावावा.