बोलणं आपलं, मान समोरच्याचा
लेखांक ६

एकाच वस्तीत राहणारी माणसं गटागटांत कशी वाटली जातात, ते आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. या लेखांकात पुढचा प्रश्न घेऊ. गट पडलेल्या गावात मनातलं बोलायचं कसं, आणि त्या बोलण्यातून समाधान कसं मिळवायचं? उत्तर शोधायला तुळिंजकरांना फार लांब जायला नको. नालासोपारा स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला गेलं की जुनं सोपारा लागतं.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, हे अनेकांना ठाऊक असतं. त्यात दगडी करंडक सापडला, एकात एक ठेवलेल्या डब्या सापडल्या, सोन्याची फुलं सापडली. त्याच वर्षी इथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही हाती आला, त्याची चर्चा मात्र कमी होते. तो आठव्या लेखाचा तुकडा होता. १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. त्यावरून अशोकाचे चौदाही लेख इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात सोपाऱ्याच्या प्राचीन बंदरात कोरलेले असावेत, असं अभ्यासक मानतात.

आठव्या लेखात आहे तरी काय? पूर्वीचे राजे शिकारीला आणि मौजेला बाहेर पडत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी ती रीत बदलली. त्याच्या नव्या यात्रेत ब्राह्मण आणि श्रमण या दोघांचं दर्शन आणि दोघांना दान होतं, वृद्धांची भेट होती. खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटणं होतं, त्यांना धर्माबद्दल सांगणं होतं आणि त्यांच्याशी त्याबद्दल प्रश्नोत्तरं करणं होतं. हुकूम सोडणं ज्याच्या हातात होतं, तो माणूस लोकांमध्ये जाऊन विचारपूस करण्यात अधिक आनंद आहे, असं दगडावर कोरून सांगतो.

बाराव्या लेखात तो आणखी खोलात जातो. स्वतःच्या पंथाची अवाजवी स्तुती करू नका आणि कारण नसताना दुसऱ्याच्या पंथाला कमी लेखू नका, जीभ आवरा, असं त्याचं सांगणं आहे. कारणही तो रोखठोक देतो: दुसऱ्याला हिणवणारा माणूस सगळ्यात जास्त नुकसान स्वतःच्याच पंथाचं करतो. म्हणून एकत्र या आणि एकमेकांचं ऐका.

आता आजच्या तुळिंजकडे पाहू. कोकणातून आलेलं कुटुंब, घाटावरचं कुटुंब, उत्तर प्रदेशातलं, गुजरातेतलं, अशी चार घरं एका मजल्यावर असतात. सोसायटीच्या सभेला सगळे जमतात. विषय पाण्याच्या टँकरचा असतो. पाचव्या मिनिटाला कुणीतरी ‘तुम्ही लोक’ म्हणतं, आणि टँकरचं राहतं बाजूला. मग कोणाची भाषा, कोणाचा सण, कोण आधी आलं, यावर रात्रीचे अकरा वाजतात. पाणी मात्र चारही घरांना तितकंच कमी येतं. ज्याला खरोखर काही सुचवायचं असतं तो गप्प बसतो, आणि न बोललेलं घेऊन घरी जातो. ही घुसमट वस्तीला आतून पोखरते.

ती फोडता येते, हे आपल्याच वसई तालुक्यातल्या एका माणसाने दाखवलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो मूळचे नंदाखालचे. १९८३ ते २००७ या काळात ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते. चर्चचं हे मासिक त्यांनी सामाजिक आणि साहित्यिक प्रश्नांसाठी खुलं केलं. वसईची शेती, विहिरी, झाडी बिल्डरांच्या घशात जाऊ लागली, तेव्हा ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या लढ्यात ते पुढे उभे राहिले, आणि त्या लढ्यात सगळ्या धर्मांची माणसं आली. बायबल त्यांनी सोप्या मराठीत आणलं, तुकोबा-ज्ञानोबांवर जीव लावून लिहिलं. स्वतःची श्रद्धा त्यांनी कधी लपवली नाही आणि दुसऱ्याची कधी हिणवली नाही.

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्मगुरूने या पदावर बसू नये म्हणून विरोध झाला, धमक्याही आल्या. पाठदुखीने बेजार असतानाही ते गेले आणि देशात जे खटकत होतं ते ठामपणे बोलले. त्या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट होते. जीभ आवरणं म्हणजे मुकाट राहणं नाही. बोलायचं, ठणकावून बोलायचं, पण माणसाला न तोडता. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. त्यांच्या आत्मकथनाचं नाव ‘नाही मी एकला’, आणि ते त्यांनी जगून दाखवलं.

मनातलं नुसतं ओकून टाकलं तर माणूस घटकाभर हलका होतो, समाधान मिळतंच असं नाही. कोणी ऐकून घेतलं, उलट प्रश्न विचारला, आपलंही मत थोडं हललं, की मग बोलण्याला अर्थ येतो. त्यासाठी तीन सवयी लावून घ्याव्यात. मत सांगण्याआधी एक प्रश्न विचारावा. ‘तुम्ही लोक’ म्हणण्याऐवजी समोरच्याला नावाने हाक मारावी. आणि त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला सांगून, ‘असंच म्हणायचंय ना?’ असं विचारून मगच आपला मुद्दा मांडावा.

अशोकाने हे साम्राज्यासाठी सांगितलं, दिब्रिटोंनी वसईसाठी आचरलं. आपल्याला एका मजल्यापुरतं जमलं तरी पुष्कळ आहे. तेव्हा वाचकहो, या आठवड्यात ज्या शेजाऱ्याशी कधी दोन वाक्यांपलीकडे बोलला नाहीत त्याच्या दारी जा, एक प्रश्न विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका.