घरातलं हॅलोविन: समज आणि वस्तुस्थिती

ऑक्टोबर संपत आला की बोईसर-पालघरच्या सोसायट्यांत मुलांना काळे झगे हवे असतात आणि आजी-आजोबांना हे ‘सैतानाचं खूळ’ घरात नको असतं.

सैतानपूजेचा समज चुकीचा आहे. १ नोव्हेंबर हा कॅथलिक चर्चचा सर्व संतांचा दिवस आणि त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोविन. त्यात आयर्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या चालीरीती मिसळल्या. तिथे सलगम कोरत. भोपळा आला तो स्थलांतरित अमेरिकेत पोचल्यावर. आपल्या जिल्ह्यातल्या वसईच्या ख्रिस्ती घरांत महत्त्व असतं ते २ नोव्हेंबरला. त्या दिवशी आप्तांच्या कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्याचा भुताच्या झग्याशी संबंध नाही.

‘राक्षसांचे मुखवटे आपल्याकडे कुठे होते?’ जव्हार-मोखाड्याचा बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव पाहिलेला माणूस हे विचारणार नाही. तिथे रात्र-रात्र संबळाच्या तालावर गणपती, नरसिंहाबरोबर रावणही नाचतो. अर्थात तिथलं सोंग हे देवाचं कार्य असतं आणि हॅलोविन ही निव्वळ करमणूक. दोन्हींना एका माळेत ओवू नये.

हॅलोविनच्या खाऊत अनोळखी माणूस विष घालतो, ही भीती अमेरिकेतून इथवर आली. समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या विषारी खाऊमुळे मूल दगावल्याची एकही घटना त्यांना सिद्ध झालेली आढळली नाही. १९७४ मध्ये टेक्सासात एक मुलगा दगावला खरा, पण विष घातलं होतं त्याच्या बापानेच, विम्याच्या पैशांसाठी. लहानग्यांना खरा धोका कडक गोळीचा आणि शेंगदाण्याचा, कारण चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात ते अडकतात. घोलवडचा पिकलेला चिकू बिया काढून द्या, तोही गोडच असतो.

‘सजावटीतला ड्राय आइसचा धूर निरुपद्रवी’ हा समज मात्र खरोखर घातक. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. हाताला लागला तर कातडी जळते आणि बंद खोलीत त्याच्या वायूने गुदमरायला होतं. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात मुखवास म्हणून चुकून तोच दिला गेला आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. पोरांच्या घरात तो आणूच नये.

लाल भोपळा मोठ्यांनी कोरावा, गर घारग्यांना ठेवावा. आत पणती नको, बॅटरीचा दिवा ठेवा. नायलॉनचा झगा पेटला की वितळून अंगाला चिकटतो.

शेवटचा समज आपल्या घरांतला जुनाच: थोडं घाबरवलं की मूल धीट होतं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला मुखवट्यामागे बाबाच आहे, हे पटतंच असं नाही. म्हणून मुखवटा त्याच्यासमोर चढवा, त्याला हात लावू द्या, आणि ते रडू लागलं तर हसत बसू नका, लगेच काढा.