विद्यापीठाचे नाव आणि पदवीचे मोल

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे माजी विद्यार्थ्यांची आणि त्यांच्या पालकांची वर्दळ सुरू होते. कोणी अंधेरीहून येते, कोणी बोरिवलीहून, कोणी घाटकोपर-मुलुंडकडून, आणि प्रश्न बहुधा एकच असतो : “मुंबई विद्यापीठ चांगले की पुण्याचे?” विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते, हे आम्हांला अनुभवाने कळू लागले आहे. पहिले मुंबई, नाहीतर पुणे; बाकीची विद्यापीठे ‘तिकडची’.

काही वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका माजी विद्यार्थिनीला छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात तिच्या आवडीच्या विषयाला पदव्युत्तर प्रवेश मिळत होता. नातेवाईक म्हणाले, “तिकडची पदवी इथे कोण विचारतो?” वडील डगमगले. सल्ला विचारायला ते आमच्याकडे आले, तेव्हा आम्हीही ठाम काही बोललो नाही. मुलीने घराजवळ मिळेल त्या विषयाला नाव घातले आणि वर्षभरात शिक्षण सोडले. त्या मौनाचा सल आहे, म्हणूनच हा लेख.

मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८ जुलै १८५७ रोजी. त्याच वर्षी कलकत्ता आणि मद्रास येथेही विद्यापीठे निघाली. तिघांपुढे नमुना होता लंडन विद्यापीठाचा : शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. ही संलग्नतेची रचना आजही पुष्कळ अंशी तशीच आहे. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग एवढा मुलूख या एका विद्यापीठाखाली येतो. म्हणजे अंधेरीच्या भवन्समध्ये, घाटकोपरच्या झुनझुनवालात, मुलुंडच्या वझे महाविद्यालयात किंवा थेट सिंधुदुर्गातील एखाद्या लहान महाविद्यालयात शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या पदवीवर नाव एकच. शिकवणारे, प्रयोगशाळा, ग्रंथालय मात्र निरनिराळे. स्वायत्त झालेली महाविद्यालये आता अभ्यासक्रम आणि परीक्षाही स्वतःच ठरवतात. पदवी तेवढी विद्यापीठाची. तेव्हा बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.साठी ‘विद्यापीठ कोणते’ हा प्रश्न खरे पाहता ‘महाविद्यालय कोणते’ असा विचारायला हवा.

वैद्यकीय शिक्षणाकडे पाहिले की ही गोष्ट लख्ख दिसते. १९९८ साली नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. परळच्या केईएमला लागून असलेल्या सेठ जी. एस. महाविद्यालयातील डॉक्टर असो की एखाद्या जिल्ह्याच्या ठिकाणचा, एम.बी.बी.एस.ची पदवी दोघांनाही तेच विद्यापीठ देते. तिथे विद्यापीठाच्या प्रतिष्ठेची चर्चा कोणी करत नाही; सगळे महाविद्यालयाचे नाव विचारतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. त्यांना शिकवले ते एल्फिन्स्टन महाविद्यालयाने. (तेच एल्फिन्स्टन २०१९ पासून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचा भाग आहे. आजच्या तिथल्या विद्यार्थ्याच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचे नाव नसते, आणि म्हणून त्या महाविद्यालयाची भिंत काही हललेली नाही.) पुढे विद्यापीठ सुधारणा समितीपुढे मांडलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अध्यापन आणि संशोधन यांची फारकत करणाऱ्या रचनेवर नेमके बोट ठेवले, आणि १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठाच्या कारभारात मागासवर्गीयांना स्थान मिळावे असा आग्रह धरला. विद्यापीठ म्हणजे परीक्षेचे कार्यालय नव्हे, ही त्यांची भूमिका होती.

मग विद्यापीठाचे नाव खऱ्या अर्थाने कुठे कामाला येते? एम.ए., एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या वेळी, कारण तिथे विद्यापीठाचे स्वतःचे विभाग शिकवतात. मात्र तिथेही सरसकट निवाडा उपयोगाचा नाही. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा, देशातला पहिला, गो. स. घुर्ये यांच्यासारखे अध्यापक त्याला लाभले. पुणे विद्यापीठ १९४९ चे, २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणारे. त्याच्या गणेशखिंडच्या आवारातच खगोलशास्त्राची ‘आयुका’ ही राष्ट्रीय संस्था असल्यामुळे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिथे वेगळेच वातावरण मिळते. पाली शिकायची असेल तर कलिना, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या चारही ठिकाणी विभाग आहेत. तिथे जाऊन कोण शिकवते, ग्रंथालयात काय आहे, गेल्या काही वर्षांत कोणते प्रबंध झाले हे पाहावे. ही चौकशी कोणत्याही क्रमवारीपेक्षा मोलाची आहे.

आता क्रमवारीविषयी. केंद्र सरकारची एनआयआरएफ क्रमवारी २०१६ पासून निघते. २०२४ मध्ये राज्य सार्वजनिक विद्यापीठांचा वेगळा गट प्रथमच केला गेला, त्यात पुणे देशात तिसरे आले. आनंदाची गोष्ट आहे. पण विद्यापीठांच्या क्रमवारीत संशोधनाला मोठे वजन असते आणि लोकमतालाही गुण असतात. उपनगरातल्या संलग्न महाविद्यालयात बी.कॉम.चा वर्ग कसा चालतो हे त्या आकड्यातून कळत नाही. नॅकचेही तसेच. २०२१ मध्ये मुंबई विद्यापीठाला ३.६५ गुणांसह ‘ए प्लस प्लस’ श्रेणी मिळाली. त्याच्या चारच वर्षे आधी, २०१७ मध्ये, उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याच्या घाईत याच विद्यापीठाचे निकाल महिनोन्‌महिने रखडले होते आणि कुलगुरूंना पद सोडावे लागले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पुढच्या प्रवेशासाठी वेळेवर गुणपत्रिका हवी असलेल्या मुलाला श्रेणीपेक्षा परीक्षा विभाग अधिक जवळचा, एवढेच आम्ही म्हणू.

शिवाय ज्या नावावर आपण भुलतो, त्यातले बरेच काही आता त्या नावाखाली राहिलेलेच नाही. माटुंग्याचा १९३३ चा रसायन तंत्रज्ञान विभाग ही मुंबई विद्यापीठाची शान होती. २००८ मध्ये ती संस्था स्वतंत्र झाली. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ मध्ये स्वतःच विद्यापीठ बनले. लौकिक मागे रेंगाळतो, संस्था पुढे निघून जाते.

आणि ‘तिकडची’ या शब्दाचे काय? मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. मुंबईहून वयाने शंभर वर्षांनी लहान. परंतु त्याला कमी लेखण्यात केवळ वयाचा हिशेब नाही. विधिमंडळाने १९७८ मध्ये ठराव केला, तरी बाबासाहेबांचे नाव त्या विद्यापीठाला मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मधल्या काळात घरे जळली, माणसे गेली. त्या नावासाठी ज्या समाजाने एवढे सोसले, त्याच समाजातल्या घरी त्या विद्यापीठाची पदवी हलकी ठरवली जावी, हे आम्हांला फार लागते. तिथले सगळे विभाग उत्तम आहेत असा आमचा दावा नाही. विभाग न पाहता दिलेला निकाल आम्हांला मान्य नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला कोणत्याही मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी सारखीच चालते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचीही. नोकरी करून शिकणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दुसरी गोष्ट खर्चाची. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’ आहे. राहते गाव सोडून शिकायला जाणाऱ्यांनाच तिचा लाभ मिळतो, म्हणजे ‘परगावी पाठवणे परवडत नाही’ म्हणणाऱ्या घरासाठीच ती आहे. गुणांच्या व उत्पन्नाच्या अटी आहेत; जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ऐन जूनमध्ये सेतू केंद्रात रांगा लावणारे पालक आम्ही दरवर्षी पाहतो.

त्या मुलुंडच्या मुलीचा धाकटा भाऊ यंदा पदवीधर झाला. त्याने छत्रपती संभाजीनगरच्या त्याच विभागासाठी अर्ज भरला आहे. या वेळी वडिलांची वाट न पाहता आम्हीच त्यांच्या घरी जाऊन आलो. विभागाचा अभ्यासक्रम आणि स्वाधारचा अर्ज सोबत नेला होता.