गळती की पाझर? जुन्या मोटारीतील ग्राहकयंत्र आणि उतरणारी बॅटरी

मराठीत बॅटरी ‘उतरते’ किंवा ‘बसते’. दोन्ही क्रियापदे अकर्मक आहेत. दूध नासते, विहीर आटते, तशीच बॅटरी उतरते. उतरविणारा कोण, हे वाक्य सांगत नाही. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला मात्र कर्ता हवा असतो. तो ‘लीकेज’ हा शब्द वापरतो व गळतीचा शोध घेऊ लागतो. ज्या जुन्या मोटारींना मागाहून रिमोटचे ‘सेंटर लॉक’ बसविले आहे, त्यांच्या बाबतीत हा शोध पुष्कळदा निष्फळ ठरतो. तारा शाबूत असतात, दिवे विझलेले असतात, तरीही पंधरवडाभर उभी राहिलेली गाडी चालू होत नाही. याचे कारण असे की, येथे गळती नसून पाझर असतो.

गळती आणि पाझर हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. या भेदाचे उत्तम उदाहरण पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे आढळते. गाव पर्जन्यछायेतील, पाऊस वर्षाकाठी सुमारे ४०० ते ५०० मिलिमीटर. लष्करात वाहनचालकाचे काम केलेले अण्णा हजारे १९७५ मध्ये गावी परतले, तेव्हा तेथील पाझर तलावात पाणी टिकत नव्हते, कारण बांध गळत होता. ग्रामस्थांच्या श्रमाने बांध दुरुस्त झाला आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. पाझर तलावातील पाणी जमिनीत जावे हाच त्याचा हेतू असतो, हे येथे विसरता कामा नये. पाणी जाण्यात दोष नव्हता. ते कोठून व किती वेगाने जाते, यात होता. गळती हा दोष होय. पाझर हा योजनेचाच भाग, आणि त्याचा हिशेब आधीच धरावा लागतो.

हाच भेद मोटारीस लावून पाहावा. १९८३ साली बाजारात आलेल्या मारुती ८०० सारख्या गाडीत, विशेषतः तिच्या कार्ब्युरेटर असलेल्या आवृत्तीत, किल्ली काढली म्हणजे बॅटरीवर जवळजवळ कोणताच भार राहत नसे. अशा गाडीला रिमोटचा संच जोडला की दाराच्या आत एक ग्राहकयंत्र अहोरात्र जागे राहते. खिशातील प्रेषकाचा बटणाएवढा सेल दोन-तीन वर्षे पुरतो, कारण तो कळ दाबली तेवढाच क्षण बोलतो. ग्राहकाची स्थिती नेमकी उलट आहे. बोलणारा केव्हा बोलेल हे ठाऊक नसल्यामुळे ऐकणाऱ्यास सतत कान देऊन बसावे लागते, आणि या ऐकण्याची किंमत बॅटरी मोजते.

ती किंमत किती, हे आकड्यांनीच स्पष्ट होईल. स्वस्त संचात ग्राहक, नियंत्रक आणि चोराला धाक म्हणून लुकलुकणारा लाल दिवा मिळून ३० मिलिअँपिअर प्रवाह जातो असे धरू. चोवीस तासांत हा भार ०.७२ अँपिअर-तास होतो. उलट, लहान गाडीचा स्टार्टर १५० अँपिअर प्रवाह दोन सेकंद घेतो असे मानले, तर एकदा गाडी चालू करण्याचा खर्च सुमारे ०.०८ अँपिअर-तास येतो. म्हणजे स्टार्टरच्या घरघराटापेक्षा दिवसभराचे मुके ऐकणे आठ-नऊ पटींनी महाग पडते! ३५ अँपिअर-तासांची नवी बॅटरी या भाराखाली सुमारे २४ दिवसांत निम्मी होईल. वयोमानाने जिची धारणा १८ अँपिअर-तासांवर आली आहे, तिला बारा दिवसच पुरेत. शिवाय शिसे-आम्लाची बॅटरी आपोआपही थोडी थोडी उतरत असते, आणि उन्हाळ्यात अधिक. उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली, तर पट्ट्यांवरील लेड सल्फेटचे स्फटिक कठीण होतात व धारणा आणखी घटते. म्हणूनच एकदा बसलेली बॅटरी पुढल्या खेपेस लवकर बसते.

स्वस्त संचांत बहुधा आढळणारी अतिपुनर्जनन ग्राहकाची रचना एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९२२ मध्ये पुढे आणली. भाग थोडे, किंमत अल्प, हा तिचा गुण. पुढील ग्राहकांनी मात्र झोपण्याची युक्ती साधली. दर १०० मिलिसेकंदांतून केवळ ५ मिलिसेकंद जागे राहिले, तर ग्राहकाचा स्वतःचा खर्च विसाव्या हिश्श्यावर येतो. पण झोपलेल्यास संदेश कसा कळावा? त्यासाठी प्रेषक खऱ्या संकेताआधी एक अर्थहीन, लांबलचक स्पंदमाला पाठवितो. ती झोपेच्या अवधीहून लांब असल्याने तिचा काही अंश जागृतीच्या क्षणी कानी पडतोच, आणि ग्राहक उठून बसतो. भाषाभ्यासकांस हे अपरिचित नाही. ‘अहो, ऐकलंत का?’ या वाक्यात माहिती काहीच नसते. माहितीस वाट मोकळी करणे एवढेच त्याचे काम. रोमान याकोब्सन यांनी १९६० च्या निबंधात भाषेचे जे संपर्ककार्य सांगितले, ते हेच होय.

मात्र ही हाक कोणाचीही असू शकते. अनेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्‌झ या एकाच कंप्रतेवर चालतात. बिनतारी दारघंटा आणि फाटकाचे रिमोटही तीच वापरतात. परकी हाक ऐकून ग्राहक उठतो, नियंत्रकाला उठवितो, संकेत आपला नाही असे ठरवून पुन्हा झोपतो. कुलूप उघडत नाही, पण वीज खर्च होते. एकाच गाडीची बॅटरी एका जागी टिकते व दुसऱ्या जागी उतरते, या तक्रारीमागे कधीकधी हे कारण असते.

परीक्षा सोपी आहे. बॅटरीची ऋण तार सोडवून मध्ये अँपिअरमापक जोडावा, दारे लावून अर्धा तास थांबावे आणि मग आकडा वाचावा. मापक जोडलेला असताना गाडी चालू करू नये. नंतर संचाचा फ्यूज काढावा. प्रवाह जवळजवळ शून्यावर आला, तर तो पाझर समजावा व दोष शोधण्याचे श्रम वाचवावेत. १०० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह तसाच वाहत राहिला, तर गळती अन्यत्र आहे. डिकीतील न विझणारा दिवा आणि अल्टरनेटरमधील बिघडलेला डायोड ही तिची नेहमीची ठिकाणे.

पाझरावर उपाय दोन. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर संचाच्या तारेवर स्वतंत्र बटण बसवून तो बंद ठेवावा व दार किल्लीने लावावे. कुलपाची मूळ सोय अद्याप तेथेच असते. किंवा ५ वॉटची सौरपट्टी जोडावी. चांगल्या उन्हात तीतून दिवसाकाठी एक अँपिअर-तासाहून अधिक भरणा होतो, म्हणजे वरील ०.७२ चा खर्च भागतो. तिच्या तारेत उलट प्रवाह रोखणारा डायोड असल्याची खात्री करून घ्यावी, अन्यथा सूर्यास्तानंतर पट्टीच बॅटरीतून प्रवाह ओढू लागते.