डिस्कसमूहाचा सर्व्हर सुरू होत नाही तेव्हा

सकाळी कार्यालय उघडते, खिडकीसमोर माणसे येऊन उभी राहतात आणि आतल्या खोलीतील मुख्य संगणक सुरू होण्याचे नाव घेत नाही. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटलेली असते. यंत्रास आपली कार्यप्रणाली सापडत नाही, एवढाच तिचा अर्थ. परंतु ती वाचणाऱ्यास वाटते की, सारे दप्तरच पुसले गेले. ही धास्ती अकारण आहे असेही म्हणता येत नाही. कर्नाटकात २००१ च्या सुमारास ‘भूमी’ योजनेखाली जमिनीचे सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आले आणि हाताने लिहिलेले उतारे देणे बंद झाले. पतसंस्थांच्या ठेवी, महाविद्यालयांचे गुण, रुग्णालयांतील नोंदी यांचीही आज तीच स्थिती आहे. मागे कागद उरलेला नाही.

तथापि, सर्व्हर सुरू न होणे आणि त्यातील माहिती नष्ट होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ प्रसंगी दप्तर जागच्या जागी शाबूत असते, केवळ तेथपर्यंत जाण्याची वाट मोडलेली असते. ते खरोखर नष्ट होते ते बहुधा त्यानंतरच्या अर्ध्या तासात, कोणीतरी घाईने दाबलेल्या एका कळीमुळे.

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना माहिती पुरविणारा मुख्य संगणक. त्याची माहिती एका डिस्कवर न ठेवता अनेक डिस्कांच्या समूहावर ठेवलेली असते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या तिघांनी १९८८ साली या पद्धतीचे प्रकार शास्त्रशुद्ध रीतीने मांडले आणि तिला ‘रेड’ हे नाव मिळाले. एका मोठ्या, महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्का जोडाव्यात आणि त्यांतील एखादी निकामी झाली तरी काम अडू नये, ही त्यामागील कल्पना. सर्वांत साधा प्रकार आरशाचा होय. जे एका डिस्कवर लिहिले तेच दुसरीवर. दुसरा प्रकार समजण्यास वाण्याची वही आठवावी. एका ओळीत ७, ४ व ९ असे आकडे असून शेवटी २० ही बेरीज लिहिली आहे. उंदराने ४ चा आकडा कुरतडला तरी बेरजेतून इतर दोन वजा करून तो परत मिळतो. डिस्कसमूहात बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब ठेवतात, परंतु तत्त्व हेच. दोन आकडे कुरतडले गेले तर मात्र एका बेरजेवरून दोन्ही सांगता येत नाहीत. म्हणून अशा समूहात एक डिस्क गेली तर निभते, दुसरी गेली की निभत नाही.

कोठे थांबला, हे प्रथम पाहावे

कळ दाबल्यापासून सर्व्हर कामास लागेपर्यंत एकाने दुसऱ्याच्या हाती कारभार सोपवावा तसा क्रम चालतो. प्रथम मुख्य फळकावरील अंगभूत आज्ञावली स्मृती व इतर भाग तपासते. मग डिस्कसमूहाचा नियंत्रक आपल्या डिस्का मोजतो आणि त्या सर्व मिळून एकच मोठी डिस्क असल्याचे यंत्रास भासवितो. त्यानंतर ठरवून दिलेल्या क्रमाने एकेका डिस्कच्या आरंभी असलेली लहानशी प्रारंभ-आज्ञावली शोधली जाते. ती कार्यप्रणालीस जागी करते. दोष शोधणाऱ्याने काहीही उघडण्यापूर्वी हा क्रम नेमका कोणत्या पायरीवर तुटला ते पाहावे आणि पडद्यावरील मजकूर अक्षरशः उतरून घ्यावा. मोबाइलवर छायाचित्र घेतले तरी चालेल. येथे थोडा धीर हवा. भरपूर स्मृती असलेल्या सर्व्हरला स्वतःची तपासणी करण्यास कित्येक मिनिटे लागतात. घरच्या संगणकाची सवय असलेला माणूस तेवढ्यात ‘बंद पडला’ म्हणून वीज तोडतो आणि नसलेला दोष निर्माण करतो.

एक अगदी क्षुल्लक कारण फार वेळा आढळते. मुख्य फळकावर रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी एक बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ व ठरवून दिलेल्या मांडण्या ती लक्षात ठेवते. काही वर्षांनी ती संपते, पण सर्व्हर रात्रंदिवस चालू असल्याने कोणाच्या ध्यानात येत नाही. एखाद्या रात्री दीर्घकाळ वीज जाते आणि सकाळी यंत्र उठते ते कारखान्यातून आले त्या स्थितीत. डिस्कसमूह म्हणून वाचावयाच्या डिस्का ते सुट्या समजते, किंवा जेथे केवळ माहितीच साठविली आहे अशा मोठ्या समूहावर प्रारंभ-आज्ञावली शोधू लागते. ती तेथे कधीच नव्हती. खूण सोपी आहे. मांडणीच्या पडद्यावर तारीख कित्येक वर्षांपूर्वीची दिसते. बॅटरी बदलून जुनी मांडणी व प्रारंभाचा क्रम पुन्हा लावला की सर्व्हर निमूटपणे सुरू होतो. मात्र जुनी मांडणी काय होती हे कोठे तरी लिहून ठेवलेले असले पाहिजे. सरकारी कार्यालयात टाचणीचीही नोंदवही असते. सर्व्हरची क्वचितच असते.

नवा डिस्कसमूह जोडल्यावर दुसऱ्या दिवशी सर्व्हर उठत नाही, त्याचेही कारण बहुधा असेच. नव्या डिस्कांमुळे क्रमांक सरकतात आणि यंत्र चुकीच्या दारावर थाप मारते.

डिस्का वेगळ्या कपाटात असतील तर वीज देण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी कपाट, त्यातील डिस्का फिरू लागल्या की मग सर्व्हर. बंद करताना याच्या उलट. वीज गेल्यानंतर ती परत येताच दोन्ही एकदम चालू झाली, तर नियंत्रक डिस्का मोजावयास लागतो तेव्हा त्या पुरत्या जाग्या झालेल्या नसतात. कित्येक डिस्का नाहीशा झाल्याचे तो कळवितो. अशा वेळी सर्व्हर बंद करून कपाटास दोनचार मिनिटे चालू द्यावे आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. डिस्क फिरावयास लागताना तिला नेहमीपेक्षा कित्येक पटींनी अधिक वीज लागते. वीजपुरवठ्याचा भाग थकलेला असेल तर डझनभर डिस्का एकदम उठविताना तो दम सोडतो, ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

आरशाच्या पद्धतीत एक विचित्र प्रसंग उद्भवतो. पहिली डिस्क मेली, दुसरीवर सर्व माहिती धडधाकट आहे, आणि तरीही सर्व्हर उठत नाही. नियंत्रक नसून कार्यप्रणालीच आरसा सांभाळीत असेल, तर प्रारंभ-आज्ञावली अनेकदा पहिल्या डिस्कवरच बसविलेली असते. ती दुसरीवरही बसविणे हे पाच मिनिटांचे काम आहे, पण ते पहिली डिस्क जिवंत असतानाच आठवले पाहिजे.

जेथे हात आवरावा

नियंत्रक बदलला किंवा डिस्का हलविल्या, तर पडद्यावर ‘परकी मांडणी आढळली’ अशा अर्थाची सूचना येते. समूहाची मांडणी डिस्कांवरही लिहिलेली असते आणि नवा नियंत्रक ती वाचून विचारतो की, ही स्वीकारावी की पुसावी? येथे ‘पुसा’ म्हणणे म्हणजे वहीतील पानांचे क्रमांक फाडून टाकणे. ‘स्वीकारा’ म्हणण्यापूर्वीही यादी पाहावी. सहा महिन्यांपूर्वी बाद झालेली डिस्क कोणी पुन्हा खाचेत बसविली असेल, तर तिच्यावरील शिळी माहिती ताज्या माहितीत मिसळण्याचा धोका असतो. सर्व्हर सुरू होईल, आणि नोंदी मात्र चुकतील. हा दोष सर्व्हर बंद पडण्यापेक्षा वाईट होय, कारण तो लवकर दिसत नाही.

समूहाचा ‘आरंभ करा’ ही आज्ञा ऐकावयास निरुपद्रवी वाटते. ती डिस्का कोऱ्या करते. समूह अर्धवट जुळलेला असताना फाइलींच्या दुरुस्तीची आज्ञावली चालविणेही तितकेच घातक, कारण ती नुसती पाहत नाही, लिहिते. डिस्का बाहेर काढावयाच्या असतील तर प्रत्येकीवर खाचेचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी आधी चिकटवावी. अलीकडचे नियंत्रक क्रम चुकला तरी डिस्का ओळखतात, पण सगळे ओळखतात असे नाही. दोन डिस्का गेल्याचा संशय असेल, तर प्रत्येक डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढल्याखेरीज कोणताही प्रयोग करू नये. एका वेळी एकच बदल करावा आणि वेळेसह तो वहीत लिहावा, म्हणजे बाहेरून बोलाविलेल्या तंत्रज्ञास काय घडले ते कळेल.

एक डिस्क निकामी असताना सर्व्हर सुरू झाला, तर प्रथम माहितीची प्रत वेगळ्या यंत्रावर घ्यावी, मग नवी डिस्क बसवावी. नव्या डिस्कवर जुने आकडे भरून काढण्यासाठी उरलेल्या प्रत्येक डिस्कचा कणन् कण वाचावा लागतो, आणि त्या डिस्का बहुधा एकाच दिवशी खरेदी केलेल्या, सारख्याच वयाच्या असतात. या श्रमात दुसरी डिस्क कोसळल्याचे प्रसंग तंत्रज्ञांच्या परिचयाचे आहेत. डिस्कसमूह आहे म्हणून वेगळी प्रत नको, हा समजही येथेच उघडा पडतो. चुकून खोडलेली नोंद आरशातूनही त्याच क्षणी खोडली जाते.