गोरेपणाच्या डबीतला पारा

२०२३ मध्ये खारघरच्या मेडिकव्हर रुग्णालयात मूत्रपिंडाचा विकार जडलेले दोन रुग्ण आले. एक तरुणी, दुसरे ५६ वर्षांचे गृहस्थ. डॉक्टरांनी खोदून चौकशी केली तेव्हा कळले, की दोघेही त्वचा उजळ करणारी क्रीम लावत होते. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका घराची हकीकत बाहेर आली होती. मुलगी, तिची आई आणि बहीण, अशा तिघींची मूत्रपिंडे बिघडली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला गेला आणि धागेदोरे तिघी वापरत असलेल्या एका क्रीमपर्यंत पोचले. त्या क्रीममध्ये पारा सापडला.

चेहऱ्याला लावलेल्या क्रीमने किडनी कशी बिघडते, हा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर समजले, की कायद्याने पाऱ्याबाबत इतका कडक पवित्रा का घेतला तेही समजते.

रंग उतरतो कसा?

आपल्या कातडीचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. ते तयार करण्याच्या कामी टायरोसिनेज नावाचे विकर लागते आणि या विकराच्या गाभ्यात तांब्याचे अणू असतात. पाऱ्याचे क्षार त्वचेत शिरले, की पारा तांब्याला हुसकावून त्याची जागा बळकावतो. विकर निकामी होते, मेलॅनिन कमी बनते आणि काही दिवसांतच चेहरा उजळल्यासारखा दिसू लागतो. म्हणूनच अशी क्रीम घेणाऱ्याला ‘गुण आला’ असे वाटते आणि मैत्रिणीच्या शिफारशीवरून ती दुसऱ्या घरात पोचते. पुढे वर्षानुवर्षे वापरली, तर पारा कातडीतच साठून तिच्यावर करडी-निळसर झाक येते.

पण पारा कातडीपुरता थांबत नाही. तो रक्तात उतरतो आणि मुख्यतः मूत्रपिंडात साठतो. मूत्रपिंडातली गाळणी रक्तातली घाण लघवीवाटे बाहेर टाकते आणि शरीराला हवी असलेली प्रथिने मात्र आत राखते. पाऱ्यामुळे रोगप्रतिकारशक्ती बिथरते आणि तिने बनवलेली प्रतिपिंडे या गाळणीच्या पडद्यावर जाऊन बसतात. पडद्याची छिद्रे सैल पडतात, प्रथिने लघवीतून वाहून जाऊ लागतात आणि अंगात पाणी साठते. या आजाराला मेंब्रेनस नेफ्रोपॅथी म्हणतात. सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या असणे, संध्याकाळी पायांवर सूज येणे आणि लघवीला फेस येणे ही त्याची लक्षणे. दुखत काहीच नाही, त्यामुळे माणूस अंगावर काढतो.

केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी हा संबंध आकड्यांनिशी मांडला. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांच्याकडे या आजाराचे २२ रुग्ण आले. त्यातल्या १५ जणांच्या तपासणीत ‘नेल-१’ हे प्रथिन सापडले. एरवी हा प्रकार फारसा आढळत नाही. या १५ पैकी १३ जणांनी गोरे करणारी क्रीम वापरल्याचे सांगितले. ‘किडनी इंटरनॅशनल’ या नियतकालिकात त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातली दिलासा देणारी गोष्ट अशी, की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार ओसरला. वेळेवर कारण सापडले तर मूत्रपिंड वाचते.

कायद्याची एक रेघ

हा धोका नवा नाही. केनियातल्या नैरोबीत अशा क्रीम वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये मूत्रपिंडाचे विकार आढळल्याची नोंद १९७२ मध्येच वैद्यकीय साहित्यात झाली होती. अमेरिकेने त्याच दशकात प्रसाधनांतल्या पाऱ्यावर कडक मर्यादा घातली. भारतात १५ डिसेंबर २०२० रोजी अधिसूचित झालेल्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार प्रसाधनात पारा मुद्दाम घालता येत नाही. कच्च्या मालातून नकळत आलाच, तर तो १ पीपीएमच्या वर जाता कामा नये. डोळ्यांची प्रसाधने याला अपवाद असून त्यांच्यासाठी मर्यादा ७० पीपीएम आहे, कारण काजळ-मस्कारा जंतूंपासून टिकवण्यासाठी पूर्वापार पाऱ्याची संयुगे वापरली जात.

१ पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. ३० ग्रॅमची एक डबी घ्या. नियमाच्या काठावर असली, तरी तिच्यात पारा जास्तीत जास्त ०.०३ मिलिग्रॅम असेल. आता केरळच्या औषध नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन सौंदर्य’ या मोहिमेत जप्त केलेल्या मालाकडे पाहा. काही लिपस्टिक आणि फेस क्रीममध्ये मर्यादेच्या १२,००० पटींपर्यंत पारा आढळला. त्याच ३० ग्रॅमच्या डबीचा हिशेब केला, तर पारा ३६० मिलिग्रॅम होतो. घरोघरी असायच्या त्या काचेच्या तापमापकात साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असे. तो फुटला, की आपण मुलांना खोलीबाहेर काढायचो. या डबीतला पारा मात्र माणूस रोज रात्री बोटाने चेहऱ्यावर चोळतो.

जगाच्या पातळीवर नियम आणखी आवळले गेले आहेत. पाऱ्यावरचा मिनामाटा करार २०१७ मध्ये अमलात आला आणि भारताने त्याला जून २०१८ मध्ये मान्यता दिली. करारात आधी १ पीपीएमहून जास्त पारा असलेल्या प्रसाधनांवरच बंदी होती. २०२३ मध्ये जिनिव्हातील परिषदेत ही १ पीपीएमची अट काढून टाकण्यात आली आणि पारा घातलेली प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करायचे ठरले. हा बदल दिसायला लहान असला, तरी मोलाचा आहे. ‘पारा किती आहे’ या प्रश्नाच्या जागी आता ‘पारा घातलाच का’ हा प्रश्न आला. जी गोष्ट घालायचीच नाही, तिच्या प्रमाणावर वाद घालायला जागा उरत नाही.

जिथे नियम पोचत नाही

तरीही खारघर आणि अकोला घडले, कारण नियम परवानाधारकाला बांधतो आणि पारा बहुधा परवान्याबाहेरच्या वाटेने येतो. पार्लरमध्ये मिसळून दिलेली बिननावाची डबी, ओळखीच्या कुणी परदेशातून आणलेली क्रीम, मोबाइलवर मागवलेला आणि पत्ता नसलेला माल, या सगळ्यांमागे जाब विचारायला निर्मातादेखील सापडत नाही. नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासणी होईपर्यंत तो विक्रेता दुसऱ्या नावाने माल विकत असतो.

खारघर ज्या शहराचा भाग आहे, ते पनवेल आता केवळ बाजारपेठेचे गाव राहिलेले नाही. २०१६ मध्ये महापालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा अशा वसाहतींत गल्लोगल्ली पार्लर, कॉस्मेटिकची दुकाने आणि घरपोच सामान आणणारी पोरे दिसतात. एवढ्या मोठ्या बाजारावर नजर ठेवायची, तर अन्न व औषध प्रशासनाने तक्रारीची वाट पाहत बसून भागणार नाही. पार्लरमधून आणि ऑनलाइन विक्रीतून आपणहून नमुने उचलले पाहिजेत आणि दोषी उत्पादनांची नावे मराठीत, ठळकपणे जाहीर केली पाहिजेत. डॉक्टरांनीही लघवीत प्रथिने दिसताच ‘चेहऱ्याला काय लावता?’ असे विचारायला हवे. या एका प्रश्नाने महिन्यांची वणवण वाचू शकते.

डबी हातात घेऊन पाहा

ग्राहकालाही बरेच काही करता येते. डबी उलटी करून पाहा. उत्पादकाचे नाव, पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि घटकांची यादी असली पाहिजे. माल परदेशी असेल, तर आयातदाराचे नाव-पत्ता आणि आयात नोंदणीचा क्रमांक हवा. यातले काही नसेल, तर किंमत कितीही कमी असो, ती क्रीम घेऊ नका. यादीत मर्क्युरी, मर्क्युरिक, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल किंवा सिनाबार असे शब्द दिसले, तर तो पाराच आहे. ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना दिसली, तर विशेष सावध व्हा. पारा सोन्याचांदीशी चटकन मिसळतो, म्हणून ही सूचना छापली जाते. ‘हर्बल’ किंवा ‘नैसर्गिक’ हे शब्द डबीवर कुणालाही छापता येतात. त्यावरून आत काय आहे ते कळत नाही.

संशय आला, तर क्रीम ताबडतोब थांबवा, पण डबी फेकू नका. ती झाकण लावून पिशवीत बांधून ठेवा, डॉक्टरांना दाखवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. लघवीची साधी तपासणी करून घ्या. घरात तान्हे मूल किंवा गरोदर बाई असेल, तर अधिक दक्ष राहा, कारण पाऱ्याची वाफ होते. टॉवेल, उशी आणि बोटांवरूनही तो घरातल्या इतरांपर्यंत जातो.

या सगळ्याच्या मुळाशी मात्र एक जुना, हट्टी समज आहे. स्थळाच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द छापला जातो, सावळ्या मुलीला लहानपणापासून टोमणे ऐकावे लागतात, आणि त्या दुखऱ्या जागेवर हा व्यापार उभा राहतो. सावळ्या रंगातले मेलॅनिन आपल्या उन्हात कातडीचे रक्षण करते. त्यावर उपचार करण्याची काहीच गरज नाही. नियम कडक झाले, हे चांगलेच झाले. ते अमलात यावेत म्हणून प्रशासनाला जाब विचारू या. पण घरातल्या मुलीला ‘जरा उजळ दिसशील’ म्हणून डबी हातात देणे थांबवायला कुठल्याही अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. ते आजपासून आपल्या हाती आहे.