नाव तेच, आवाज निराळे!

बँडचं नाव ज्या दोघांवरून पडलं ते दोघंही अजून बँडमध्येच असतील, तर बँड तोच म्हणायचा, नाही का? 'फ्लीटवुड मॅक'ची गोष्ट ऐका आणि मग ठरवा.

हा बँड लंडनमध्ये १९६७ साली सुरू झाला. ड्रमवाला मिक फ्लीटवुड आणि बास गिटारवाला जॉन मॅकव्ही यांच्या आडनावांवरून त्याचं नाव पडलं. पण जगाने त्यांना खरं डोक्यावर घेतलं ते १९७७ च्या 'रूमर्स' या अल्बममुळे. अमेरिकेत तो ३१ आठवडे पहिल्या नंबरवर होता! त्यात गाणारी मंडळी तीन : लिंडसे बकिंगहॅम, स्टीव्ही निक्स (स्टीव्ही ही मुलगी, बरं का!) आणि क्रिस्टीन मॅकव्ही. तिघंही आपापली गाणी लिहायची. स्टीव्हीचा आवाज घोगरा, क्रिस्टीनचा सायीसारखा मऊ. एकजण पुढे गाऊ लागला की बाकीचे मागून सूर मिसळायचे. खरी गंमत तिथेच होती.

१९८७ मध्ये लिंडसे बाहेर पडला. नव्वदीच्या सुरुवातीला स्टीव्हीही गेली. तरी मिकने हार मानली नाही. बेका ब्रॅमलेट ही तरुण गायिका आणि डेव्ह मेसन हा अनुभवी गिटारवाला त्याने आणला, आणि ऑक्टोबर १९९५ मध्ये 'टाइम' हा अल्बम निघाला.

ऐकून बघा. वाजवण्यात खोट काढता येणार नाही. बेका तर मोकळ्या गळ्याने गाते. पण तेरा गाण्यांपैकी क्रिस्टीनची पाच सोडली, तर बाकीची कुठल्याही बँडची वाटतात. शेवटच्या गाण्यात चक्क मिकच सात मिनिटं बोलत राहतो! अमेरिकेच्या पहिल्या दोनशे अल्बममध्ये 'टाइम'ला जागा मिळाली नाही. इंग्लंडमध्ये तो ४७ व्या नंबरपर्यंत पोचला, बस्स. क्रिस्टीन तर त्या वेळच्या दौऱ्यांवरही गेली नव्हती. म्हणजे स्टेजवर ओळखीचा एकही आवाज नाही! लोक जुनी गाणी ऐकायला यायचे आणि ती गायची बिचाऱ्या बेकाने.

लवकरच हा संच मोडला. १९९७ मध्ये जुने पाचही जण एकत्र आले आणि त्यांचा 'द डान्स' अमेरिकेत थेट पहिल्या नंबरवर गेला. आणि बेका? त्याच वर्षी तिने 'टाइम'मधलाच साथीदार बिली बर्नेट याच्याबरोबर एक अल्बम काढला. त्यावर नाव होतं 'बेका अँड बिली'.